कोल्हारची सहा गुंठे जागा

कोल्हार, ता. राहाता
२ डिसेंबर २०२५

प्रिय नॅथन,

पोस्टाने आलेलं पाकीट पाहून तू दचकला असशील. आपण बोलतो ते फोनवर, वर्षातून एकदा, नाताळच्या सकाळी, आणि तेही दोन मिनिटं. तुझी तब्येत, माझी तब्येत, आईचे गुडघे, इकडचा पाऊस, की झालं. आज जे सांगायचंय ते फोनवर सांगायला घेतलं असतं तर तू मध्येच "बरं आक्का, ठेवतो" म्हणाला असतास. पत्राला तसं म्हणता येत नाही. तेव्हा चहा करून घे, बस, आणि शेवटपर्यंत वाच. मधली पानं सोडून शेवट आधी वाचायची तुझी सवय मला माहीत आहे. या वेळी तसं करू नकोस.

बातमी आधी सांगते. हायवेवरची आपली सहा गुंठे जागा परत आपली झाली. गेल्या महिन्यात अकरा तारखेला, मंगळवारी दुपारी, खरेदीखत झालं. सब-रजिस्ट्रारच्या ऑफिसात कॅमेऱ्यासमोर बसवून माझा फोटो काढला आणि अंगठ्याचा ठसा घ्यायला लागले, तर मशीन ठसा घेईना. वीस-बावीस वर्षं मैदा मळून बोटांच्या रेषाच झिजल्यात. तो क्लार्क बिचारा म्हणाला, "मावशी, ओल्या फडक्यानं पुसून परत ठेवा." मी म्हटलं, "बाबा, मी बावीस वर्षं थांबलेय, अजून दहा वेळा ठेवायला सांग." चौथ्या खेपेला ठसा उमटला. बाहेर आले तेव्हा राहीबाई पायरीवर बसली होती. ती कोण ते पुढे सांगते. तिनं माझा अंगठा हातात धरून उलटसुलट पाहिला आणि म्हणाली, "ह्यो बघा, ह्यानं घेतली जागा." आणि मग आम्ही दोघी वेड्यासारख्या हसत सुटलो. लोक बघत होते, बघू देत म्हटलं.

तू गेलास त्याला आता पंचवीस वर्षं झाली. कर्ज कसं झालं ते तुला माझ्याहून जास्त ठाऊक आहे, त्यामुळे मी ते उगाळणार नाही. ब्रेड कापायचं मशीन आणि विजेवरची मोठी भट्टी आणायची, कोल्हारचा पाव शिर्डीपर्यंत न्यायचा, हे तुझं स्वप्न काही वाईट नव्हतं. मैद्याच्या व्यापाऱ्याकडून, बजरंगशेठकडून, पप्पांच्या नावावर पैसे आले आणि तुझा तो भागीदार ते घेऊन मशीन आणायला गेला तो गेलाच. मग बजरंगशेठची वकिली नोटीस आली, आणि नोटीस आली त्याच आठवड्यात तू "नाशिकला जाऊन त्याला शोधून आणतो" म्हणून एस.टी.त बसलास. इथपर्यंतचं तुझं तू जगलास. त्यापुढचं तुला कुणी सांगितलेलं नाही.

बजरंगशेठच्या बाजूने हुकूमनामा झाला, पप्पांकडे द्यायला काही नव्हतं, म्हणून त्याने वसुलीची दरखास्त लावली आणि कोर्टाने जागेवर जप्ती आणली. लिलाव २००३ च्या मार्च महिन्यात झाला, आपल्याच दारात. दोन दिवस आधी बाजारतळावर दवंडी दिली होती. आई म्हणत होती, आपण त्या दिवशी मावशीकडे कर्जतला जाऊ, डोळ्यांनी बघायला नको. पप्पा म्हणाले, "माझ्या दारात माणसं यायची आणि मी घरात नाही, असं कधी झालंय का?" त्या सकाळी त्यांनी नेहमीसारखी भट्टी पेटवली. पावाच्या लाद्या काढल्या, खारी काढली. दाढी करून धुतलेला सदरा घातला. आणि दहा वाजता बेलीफ आला, बोली लावणारे सात-आठ जण आले, बघे तर शंभरभर, तेव्हा पप्पांनी बाकडी बाहेर मांडली आणि सगळ्यांना खारी आणि पाणी दिलं. मी ट्रे धरून मागे उभी होते. मला लाज वाटत होती, रागही येत होता. बेलीफ खारी घेईना, म्हणाला, "शमुवेलकाका, मी सरकारी कामावर आहे." पप्पा म्हणाले, "मीही कामावरच आहे. घ्या." त्याने घेतली.

शेवटची बोली रंगनाथची होती. ऊस वाहतुकीचे ट्रक होते त्याचे, आठवतो ना? रोज सकाळी त्याचे ड्रायव्हर आपल्याकडून पाव न्यायचे. बोली निम्म्या किमतीच्याही खाली संपली, कारण त्याच्याशी वाकडं कुणाला घ्यायचं नव्हतं. बजरंगशेठचं देणं भागलं, वरचे थोडे हातात आले आणि महिन्याभराने ताबा द्यायची वेळ आली. रंगनाथ वाईट वागला असं मी म्हणणार नाही. ट्रे, परात, लाकडी साचे नेऊ दिले. पण आईने तुळईला टांगलेला कंदील काढायला हात वर केला तर म्हणाला, "त्यो जागेसंगं आलाय." कंदील तो काय! आईने हात खाली घेतला. मी त्याच क्षणी मनाशी म्हटलं की ही जागा मी परत घेणार. मोठ्याने नाही म्हटलं. मी तेव्हा पस्तिशीची बिनलग्नाची बाई, बालवाडीची शिक्षिका. मोठ्याने म्हटलं असतं तर लोकांनी कीवच केली असती, आणि कीव मला तेव्हाही चालत नव्हती.

आम्ही तिघं नदीकडच्या वस्तीत दोन खोल्यांत राहायला गेलो. पप्पांनी साठीनंतर राहुरीला दुसऱ्याच्या बेकरीत रोजंदारीवर भट्टी सांभाळली. पहाटेच्या जीपने जायचे, दुपारी यायचे. स्वतःच्या भट्टीचा मालक होता तो माणूस. पण मी त्यांच्या तोंडून एक दिवस कुरकुर ऐकली नाही. मीच एकदा चिडून म्हटलं, "पप्पा, तुम्ही तिथं नोकर म्हणून कसे राहता?" तर म्हणाले, "पाव खाणाऱ्याला माहीत नसतं, भट्टी कोणाची आहे." पुढच्या वर्षी मी बालवाडी सोडली आणि त्यांना म्हटलं, मला शिकवा. त्यांनी परात काढून पुढे ठेवली.

पत्र्याच्या डब्याची भट्टी केली होती आम्ही सुरुवातीला. एका वेळी सहा लाद्या. निम्म्या करपायच्या. मी सायकलला दोन पत्र्याच्या पेट्या बांधून कोल्हार, बाभळेश्वर, पलीकडे देवळाली प्रवरापर्यंत जायची. बाई सायकलवर पाव विकते म्हणून पोरं हसायची. पुढे लूना घेतली, मग एक जुना टेम्पो. पाव सोडून टोस्टवर भर दिला, कारण टोस्ट टिकतो. नाचणीचा टोस्ट केला, तो चालला. नाताळच्या केकसाठी आता नगरहून लोक ऑर्डर देतात. हे सगळं मी तुला बढाई म्हणून सांगतेय असं वाटलं तर तसंच समज. मी बढाई मारायची वाट बघत होते, मला आजवर सवडच झाली नाही.

आता राहीबाई. ती पाथर्डीकडची. दरवर्षी ऊसतोडीला इकडे यायची नवऱ्याबरोबर. एका हंगामात कोयता पायावर पडला, टोळी पुढच्या गावाला गेली आणि ही मागे राहिली. माझ्या दारात लंगडत येऊन म्हणाली, "ताई, उभं राहून व्हनार न्हाई, बसून व्हईल असं काम हाय का?" मी तिला टोस्ट मोजून पिशव्या भरायला बसवलं. आज सतरा वर्षं झाली. सध्या आमच्याकडे नऊ बायका काम करतात आणि त्या नऊही जणी माझ्यापेक्षा तिला जास्त घाबरतात. दोन्ही मुली तिने शिकवल्या. धाकटी सृष्टी नर्स झाली. हिशेब राहीबाई अजून बोटांवर ठेवते आणि कधी चुकत नाही.

रंगनाथने आपल्या जागेवर आधी खताचं दुकान काढलं, मग शिर्डीच्या भाविकांसाठी हॉटेल बांधलं. बरं चालायचं. मी रोज टेम्पोने समोरून जायची आणि मान वळवायची नाही. मग लॉकडाऊन आला, हॉटेल दोन वर्षं बंद, त्यात रस्त्याचं काम निघालं आणि धुळीने गिऱ्हाईक थांबेना. त्याने हॉटेलपायी काढलेलं कर्ज फिटेना. कर्ज देणारा कोर्टात गेला. या वर्षी फेब्रुवारीत, एका सकाळी टेम्पो घेऊन निघाले, तर आपल्या त्या भिंतीवर कोर्टाचा जाहीरनामा डकवलेला. मी गाडी थांबवली, उतरले आणि पूर्ण वाचला. जप्ती, मिळकतीचं वर्णन, चतुःसीमा, लिलावाची तारीख. चतुःसीमा वाचताना माझ्या अंगावर काटा आला रे. पूर्वेस हायवे, पश्चिमेस ओढा. पप्पांच्या वेळच्या कागदात अगदी हेच शब्द होते.

गावाला दुसरा विषय नव्हता. चर्चमध्ये, बाजारात, दुकानात, सगळे मला येऊन सांगायचे की देवाने न्याय केला, आता लिलावात उभी राहा. राहीबाई तर नाचायचीच बाकी होती. "ताई, बोली लावा की! लई स्वस्तात पडल. त्यानं घेतली तशी तुमी घ्या. कोन न्हाई उभं राहनार तुमच्यासमोर, समद्या गावाला ठावं हाय ती जागा कुनाची." आणि खरं होतं ते. तसं ठरवूनच ठेवलं होतं गावाने. मीही दोन दिवस खूष होते, खोटं कशाला सांगू. मनात बोली लावून पाहत होते.

तिसऱ्या दिवशी हॉटेलसमोरून जाताना रंगनाथची बायको दारात बसलेली दिसली. जाहीरनाम्यावर तिने जुनी ओढणी टांगली होती, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसू नये म्हणून. ओढणी वाऱ्याने उडायची, ती उठून पुन्हा सारखी करायची. मी टेम्पो तसाच पुढे नेला, पण त्या दिवशी माल उतरवताना दोनदा चुकले. संध्याकाळी राहीबाईला म्हटलं, मी लिलावात जाणार नाही. ती माझ्यावर इतकी चिडली की दोन दिवस बोलली नाही.

मी राहात्याला वकिलांकडे गेले. तरुण बाई आहेत, जॉय नावाच्या, आपल्यातल्याच. त्यांनी समजावलं की लिलावाच्या आधी कर्जदाराने स्वतःच गिऱ्हाईक आणलं, देणं भागेल अशी खात्री कोर्टाला पटवली आणि पैसे कोर्टातच भरायचं कबूल केलं, तर न्यायाधीश लिलाव पुढे ढकलून खाजगी विक्रीला परवानगी देऊ शकतात. म्हणजे रास्त भावाने घ्यायचं, त्याचं देणं फिटायचं आणि उरलेले पैसे त्याला मिळायचे. पण अर्ज रंगनाथने करायला हवा. म्हणजे मला त्याच्या दारात जाणं भाग होतं.

गेले. बावीस वर्षांनी त्या आवारात पाऊल टाकलं. तो खुर्चीवर बसला होता, केस पांढरे झालेले. मला पाहून म्हणाला, "बघायला आलात व्हय? बघा. आज तुमचा दिस हाय." मी म्हटलं, "बघायला नाही, विकत घ्यायला आलेय. लिलावात नाही. तुमच्याकडून." त्याला आधी कळेचना. मग वाटलं मी टिंगल करतेय. त्याचा मुलगा करण पुण्याहून आला होता, त्याला मी कायदा समजावला, भाव सांगितला. भाव मी दोन दलालांकडून काढून नेला होता, आजचा, खरा. करण कागदावर बघत राहिला. रंगनाथ मात्र माझ्याकडे बघत होता. म्हणाला, "लिलावात आला असता तर निम्म्यात घावली असती की." मी म्हटलं, "निम्म्यात घेतलेली मला नको, रंगनाथदादा. माझ्या बापाची जागा आहे ती. तिची पुरी किंमत झाली पाहिजे." तो बायकोला म्हणाला, "च्या टाक." त्या घराचा चहा मी पहिल्यांदा प्यायले.

पैसे कुठून आणले विचारशील. बाभळेश्वरला घरासाठी घेऊन ठेवलेला प्लॉट विकला. वीस वर्षांची शिल्लक होती. कर्ज एका रुपयाचंही काढलं नाही. बँकेचा माणूस घरी येऊन देतो म्हणत होता, त्याला टोस्ट देऊन पाठवला. कोर्टाला वेळ लागतोच. लिलाव दोनदा पुढे गेला, कर्ज देणाऱ्याच्या वकिलाने हरकत घेतली, जॉयबाईंनी ती खोडून काढली. ऑक्टोबरमध्ये परवानगी मिळाली. मी पैसे कोर्टात भरले त्या दिवशी न्यायाधीशांनी विचारलं, "लिलावात बोली न लावता एवढी रक्कम का देताय?" मी म्हटलं, "साहेब, या जागेचा एक लिलाव मी पाहिलाय. दुसरा होऊ द्यायचा नव्हता." त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे बघितलं आणि पैसे भरल्याची नोंद करायला सांगितलं. रंगनाथचं राहतं घर वाचलं. खरेदीखताच्या दिवशी तो सही करून उठला, हात जोडले आणि म्हणाला, "काका असते तर त्यांच्या पाया पडलो असतो." मी म्हटलं, घरी आई आहे. तो खरंच आला रे, आईच्या पाया पडला. आईला हल्ली ऐकू कमी येतं. तिने विचारलं, "कोण हा?" मी कानात सांगितलं. ती म्हणाली, "जेवून जा म्हणावं."

जागेवर जुनं काही शिल्लक नाही, हे आधीच सांगते. भट्टी त्याने कधीच पाडली, तिथे हॉटेलचं संडास बांधलं होतं. आईला खुर्चीवर बसवून नेलं तर तिने ते बघितलं, आणि मला वाटलं आता रडते, तर ही खुदकन हसली आणि म्हणाली, "आधी ते पाडा." पाडलं. नवी भट्टी बांधायला मिस्त्री आलाय, आसाराम म्हणून, सत्तरीचा आहे, पण अशी विटांची घुमटी बांधणारे आता दोन-तीनच उरलेत. विजेची भट्टीही घेतलीय, शेजारी. ब्रेड कापायचं मशीनही. तुझं म्हणणं बरोबर होतं नॅथन, त्याच्याशिवाय आता भागत नाही. फक्त तू वीस वर्षं आधी बोललास.

आता मला जे खरं लिहायचंय ते लिहिते. इतका वेळ मी त्याच्याभोवतीच फिरतेय.

२००१ साली पावसाळ्यात बजरंगशेठच्या दाव्यात पप्पांची साक्ष होती. मी त्यांच्याबरोबर होते. कोर्टाच्या बाहेर चहाच्या टपरीवर आपले वकील, ते आता हयात नाहीत, पप्पांना म्हणाले, "त्या कर्जाच्या चिठ्ठीवरची सही तुमची नाही, हे मला नक्की कळलंय. तुम्ही सहीखाली रेघ मारून दोन टिंबं देता, तिथे नुसती रेघ आहे. तुम्ही फक्त सही नाकारा, आपण तज्ज्ञ बोलावू. दावा आजच निम्मा पडतो, जागा वाचते." पप्पांनी विचारलं, "मग ती कुणाची, हे विचारतील ना?" वकील म्हणाले, "विचारतील. मग त्याच्यावर खोट्या सहीचा गुन्हा होईल. पण तो तर इथे नाहीच." पप्पांनी चहा संपवला. पैसे दिले. आत गेले, देवाशपथ खरं सांगेन म्हणाले, आणि बजरंगशेठच्या वकिलाने चिठ्ठी पुढे केली तेव्हा ती हातात धरून नीट बघून म्हणाले, "सही माझीच आहे. पैसे मीच घेतले." आपल्या वकिलांनी कपाळाला हात लावला. मी मागच्या बाकावर होते. मला त्या क्षणापर्यंत माहीतच नव्हतं की ती सही कुणाची आहे. पप्पांच्या पाठीकडे बघून मला कळलं, ती तू केली होतीस.

त्यांनी आयुष्यात खोटं बोललेलं मी ऐकलं नव्हतं, आणि बोलले ते शपथेवर. त्यानंतर ते दर रविवारी उपासनेला यायचे, पण प्रभुभोजन घ्यायला पुढे जायचे नाहीत. लोकांना वाटायचं, कोर्टात नाव गेल्याची लाज, मग लिलावाची लाज. सहा वर्षांनी पाळकसाहेबांनी त्यांना घरी गाठलं. दोघं बंद खोलीत तासभर बोलले, आणि पुढच्या रविवारी पप्पा उठून रांगेत उभे राहिले. परत येऊन माझ्या शेजारी बसले आणि हळूच म्हणाले, "मी पाळकांना सांगितलं, पुन्हा उभं केलं तरी तेच बोलेन. तरी त्यांनी दिलं." दाराशी येऊन दोन्ही हातांनी खारी वाटणारा माणूस होता तो, आणि मी त्या दिवशी ट्रे धरून त्याच्या मागे लाजेने उभी होते. आज मला त्या लाजेचीच लाज वाटते. असा बाप गावात दुसऱ्या कुणाला नव्हता.

पप्पा गेले त्या दिवशी, २००९ मध्ये, तुझा नंबर मोठ्या मुश्किलीने मिळवून मी फोन केला होता. तू एकच विचारलंस, "आक्का, जाताना माझ्याबद्दल काही बोलले का?" आणि मी म्हणाले, "काही नाही." तू मातीलाही आला नाहीस, त्याचं कारण माझे ते दोन शब्द होते, हे मला तेव्हाच कळलं होतं. ते खोटं होतं, नॅथन. ते बोलले होते. आदल्या दुपारी माझा हात धरून म्हणाले होते, "सही मी माझी म्हटली ते नॅथनला सांगायचं, पण आत्ता नाही. जागा गेलेली असताना सांगशील तर पोरगं त्या ओझ्याखाली मरेल. जागा परत आली की सांग. मग त्याला नुसतं एवढंच कळेल की बापाला तो जागेपेक्षा मोठा वाटला." मी म्हटलं, पप्पा, आणि नाहीच आली परत तर? ते म्हणाले, "तू आहेस ना." सोळा वर्षं मी मैदा मळला तो ह्या एका पत्रासाठी. लोकांना वाटतं मला जागा हवी होती. हवी होतीच, पण त्याहून जास्त मला तुला हे सांगायची परवानगी हवी होती. आता ती मिळाली, आणि मी सांगितलं. तू ये किंवा येऊ नकोस, तुझ्यावर माझं आता काही देणं राहिलेलं नाही. मात्र आईला मी सहीबद्दल अजून काही बोललेले नाही. ते तुझं आहे, तुझ्या तोंडूनच तिला ऐकू दे. तिच्या उजव्या कानाशी जरा मोठ्याने बोलावं लागतं.

तुझीच,
दया आक्का